केस मोकळे सोडा म्हणणारं पुस्तक

इथे हेलसिंकीत नोव्हेंबर संपत आला की दुपारी चारच्या आत अंधार पडतो, बाहेर ना धड पाऊस ना धड बर्फ, म्हणून ऑफिस सुटलं की मी सरळ ऊडी लायब्ररीत जाऊन बसते. २०१८ च्या डिसेंबरात उघडलेली ही लायब्ररी स्टेशनला लागूनच आहे, मधल्या मजल्यावर शिलाई मशीनसुद्धा आहेत, सगळ्यात वर पुस्तकं. तिथेच मला ‘मारेसी’ ही किशोर कादंबरी सापडली आणि तेव्हापासून फोनवर जिच्याशी बोलते तिला हेच सांगतेय की वाच वाच, तर आता इथे लिहूनच टाकते.

लेखिका मारिया तुर्चानिनॉफ इथलीच, पण पुस्तक लिहिलंय स्वीडिशमध्ये. फिनलंडची ती दुसरी राजभाषा आहे, जेमतेम ५ टक्के लोकांची मातृभाषा, तरी हेलसिंकीत रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. २०१४ ला आलं आणि त्याच वर्षी किशोरसाहित्याचं फिनलंडिया ज्युनिअर बक्षीस मिळालं. इंग्रजी भाषांतर आहे, मी तेच वाचलं.

मेनोस नावाच्या बेटावर एक लाल मठ आहे, तिथे फक्त बायका आणि मुली, पुरुषांनी पाऊल ठेवायचं नाही. गोगलगायींपासून लाल रंग काढायचा, तो विकून मठ चालवायचा, मुलींना शिकवायचं. याच मठात राहणाऱ्या मारेसीच्या गावाकडे उपासमारीचा हिवाळा आलेला असतो, त्यात तिची धाकटी बहीण आनेर जाते. आता मठात पोटभर जेवण आहे आणि रोज संध्याकाळी ग्रंथालयाची किल्ली हातात, एवढ्यावर ती सुखात आहे. मला हे वाचताना आजी आठवत होती, ७२ च्या दुष्काळातली मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडायला जाणाऱ्या बायका. आणि फिनलंडनेही १८६६ ते ६८ मध्ये असाच दुष्काळ पाहिलाय, पाइनच्या सालीचं पीठ मिसळून लोकांनी पाव भाजले, तरी सुमारे ८ टक्के माणसं गेली. त्यामुळे भुकेची ती पानं मला परकी वाटलीच नाहीत.

मग मठात एक नवी मुलगी येते. नाव इंग्रजीत जसं लिहिलंय तसं मी ते जाईच वाचलं, आपल्या अंगणातली जाई, उच्चार इथे याई करत असतील तर करोत. तिच्या बापानेच तिच्या बहिणीला मारलंय, आणि आता तो जहाज घेऊन हिच्या मागावर आहे. म्हणजे दोघीही बहीण गमावलेल्या. पुस्तकात हे कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण जाई मारेसीच्या मागे मागे फिरते, ती वाचत असली की शेजारी येऊन बसते, तेवढ्यातच सगळं कळतं.

आणि जादू! छडी नाही की मंत्र नाही. जहाज दिसतं तेव्हा मठाची प्रमुख, तिला सगळ्या मदर म्हणतात, ती सांगते वेण्या सोडा, केस विंचरा, आणि सगळ्या बायका मिळून विंचरायला लागतात आणि त्या केसांतून वारं उठतं, वादळ होतं. मी ते पान तीनदा वाचलं. आमच्याकडे आई तिन्हीसांजेला केस मोकळे दिसले की ओरडायची, आधी वेणी घाला, आणि मी पायरीवर बसून धाकटीच्या दोन वेण्या घालायचे, लाल रिबिनी लावून वर बांधायचे. इतकी वर्षं मला ती नुसती शिस्त वाटायची, आता वाटतं की मोकळ्या केसांत काहीतरी ताकद असते हे आपल्याही बायकांना कुठेतरी माहीत असणार.

सुरुवात संथ आहे हे सांगते, पहिली पन्नासेक पानं मठातली कामं आणि जेवणच चालू असतं, पण धीर धरा, त्या जागेचा लळा लागल्याशिवाय पुढची भीती अंगावर येत नाही. आणि आईबाबांनी आधी स्वतः वाचा, कारण बाईवर होणारा अत्याचार यात आहे, वर्णन भडक नाही पण झाकलेलंही नाही. चौदा-पंधराच्या मुलीला द्यायला माझी हरकत नाही. दुसरा भाग ‘नाओन्देल’ जास्त जड आहे, तो मोठ्यांनीच वाचावा. तिसऱ्यात मारेसी गावी परत जाऊन मुलींची शाळा काढायला निघते, गावातले लोक काय काय म्हणतात ते वाचताना १८४८ चा भिडे वाडा डोळ्यासमोर येतोच.

मे महिन्यात येताना दोन प्रती आणतेय, एक भाचीला आणि एक तिच्या आईला, म्हणजे आमच्या धाकटीला. तिला सांगून ठेवलंय, वादळाचं पान आलं की लगेच फोन कर, तिकडे कितीही वाजलेले असोत.