तुम्ही विचारलंत म्हणून: तंबूत झोपताना भीती नाही वाटत?

आफ्रिकेचा विषय निघाला की, मग लग्नाची पंगत असो की दवाखान्यातलं बाकडं, प्रश्न ठरलेला असतो. "कापडाच्या तंबूत झोपता म्हणे तुम्ही तिकडे? बाहेर सिंह, हत्ती, आणि साधं कुंपणसुद्धा नाही? भीती नाही वाटत?" बायका जरा बाजूला घेऊन आणखी एक विचारतात, "आणि रात्री उठावं लागलं तर हो?" दोन्हींचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

भीती वाटते. पहिल्या रात्री तर चांगलीच वाटते. तरीही मला तंबूच हवा असतो, आणि तोही कुंपणाशिवायचा.

आम्ही जातो ते आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या बोत्स्वाना देशात, ओकावांगो नदीच्या खोऱ्यात, मोरेमी अभयारण्यात. जोहान्सबर्गहून विमानाने माऊन हे गाव गाठायचं, तिथून पुढे उघडी जीप. डांबर संपतं आणि वाळू सुरू होते. मग मोपाने नावाच्या झाडांचं रान लागतं. त्याची पानं आपल्या आपट्यासारखी जोडीची, फुलपाखराने पंख पसरावेत तशी. अभयारण्याचं दक्षिणेकडचं फाटक ओलांडलं की आत दुकान नाही, पेट्रोल पंप नाही. पाणी, पीठ, कांदे-बटाटे, सगळं गाडीत घेऊन जायचं.

ओकावांगो ही नदी समुद्राला मिळतच नाही. अंगोलाच्या डोंगरात पाऊस पडतो तो आपल्या हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात. ते पाणी क्युबांगो आणि क्विटो या नद्यांतून निघतं, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतं आणि कालाहारी वाळवंटाच्या वाळूत येऊन पसरतं. उतार इतका नावापुरता आहे की पाण्याला खालपर्यंत पोचायला काही महिने लागतात. त्यामुळे पूर येतो तो जून-जुलैत, जेव्हा बोत्स्वानात पावसाचा थेंब नसतो आणि आजूबाजूचा प्रदेश करपलेला असतो. साहजिकच शेकडो मैलांवरची जनावरं इथे पाण्याला येतात. त्यातलं जवळजवळ सगळं पाणी पुढे हवेत उडून जातं किंवा झाडं पिऊन टाकतात. या खोऱ्यातली कितीतरी बेटं वाळवीने उभी केली आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वाटाड्याला पुन्हा सांगायला लावलं होतं. वाळवीचं वारूळ पुराच्या वर राहतं, त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं उगवतात, आणि झाडांभोवती बेट वाढत जातं. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशांच्या यादीत हजारावं स्थळ म्हणून या खोऱ्याचंच नाव लागलं.

मुक्कामाची जागा म्हणजे झाडाखालची मोकळी जमीन. तंबू लावायचा, मधे शेकोटी करायची, झालं. तंबू लावताना वर बघायचं, कारण सॉसेज ट्री नावाच्या झाडाला लांबट, दुधीभोपळ्याच्या आकाराची पाच-सहा किलोंची फळं लटकत असतात. पहिल्या संध्याकाळी वाटाड्या सगळ्यांना बसवून नियम सांगतो. तंबूची चेन वरपासून खालपर्यंत लावायची, दोन बोटांची फटही ठेवायची नाही. आत खायची वस्तू नाही, बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. संत्री-मोसंबी तर आणूच नयेत, हत्तीला त्यांचा वास लांबून येतो. चपला-बूट आत घ्यायचे, कारण तरस चामडं पळवतं आणि चावून खातं. शेकोटीपासून तंबूपर्यंत जाताना बॅटरीचा झोत आधी चारी बाजूंना फिरवायचा. डोळे चमकले तर थांबायचं आणि हाक मारायची. आणि समोर काहीही आलं तरी पळायचं नाही.

यात सगळ्यात महत्त्वाची ती चेन. तंबूचं कापड सिंहाने पंजा मारला तर टिकणार नाही, हे उघड आहे. पण बंद तंबू जनावराच्या दृष्टीने खडक किंवा वारूळ असतो, मोठी, गप्प, ज्यात खाण्याजोगं काही हलत नाही अशी वस्तू. जनावरं त्याला वळसा घालून जातात. उघड्या तंबूची गोष्ट वेगळी. उकडतं म्हणून चेन उघडी ठेवून झोपणारा माणूस स्वतःलाही आणि पुढे तिथे मुक्कामाला येणाऱ्यांनाही धोक्यात घालतो, कारण एकदा माणसाच्या तंबूत काही मिळतं हे कळलेलं तरस किंवा बिबट्या परत येणारच.

आता बायकांचा प्रश्न. आमच्या सफरीत प्रत्येक तंबूच्या मागच्या भिंतीला चिकटून कापडाची छोटी खोली असते, वर उघडी. त्यातच खड्ड्याचा संडास आणि झाडाला टांगलेल्या कॅनव्हासच्या बादलीखाली अंघोळ. त्यामुळे रात्री मोकळ्यावर जावं लागत नाही. ज्या स्वस्त सफरींत संडास लांब असतो, तिथे झाकणाचा डबा तंबूत घेऊन झोपायचं. लाजायचं काहीच कारण नाही, तिथले वाटाडेच पहिल्या दिवशी तसं सांगतात.

एका रात्रीबद्दल सांगते. आमचा तंबू बाभळीच्या जातीतल्या एका थोराड झाडाखाली होता. थंडीत त्याला राखाडी, लवदार, कानाच्या आकाराच्या शेंगा येतात आणि पिकल्या की खाली पडतात. मध्यरात्री जाग आली ती पोटाच्या गुरगुरीने, आणि ते पोट आमचं नव्हतं. हत्ती येताना पावलांचा आवाज आलाच नव्हता. एवढ्या देहाचा तळवा इतका मऊ असतो की वाळलेल्या पानांवरूनही तो चालत येतो आणि कळत नाही. मग सोंड जमिनीवर फिरल्याची सरसर, एक शेंग उचलल्याचा क्षणभराचा विराम, आणि दाढेखाली तिचा कडकन आवाज. पुन्हा सरसर. एकेक शेंग वेचून खात होता तो. मधूनच कान हलला की अंगावर वारा यावा इतक्या जवळ. जाळीच्या खिडकीतून मला त्याचा एक पाय दिसत होता, गुडघ्यापासून खाली. चांदण्यात सुरकुत्या मोजता आल्या असत्या. तंबूच्या दोऱ्या चारी बाजूंना ताणलेल्या होत्या आणि त्याने एकाही दोरीला पाय लावला नाही. ह्यांनी माझा हात धरला होता, मीही त्यांचा. सगळ्या शेंगा संपल्यावर तो गेला, तेही कळलं नाही.

त्या रात्री मी घाबरले होते का? हो. छाती धडधडत होती. पण त्या भीतीत मी कान इतके लावून ऐकलं की एरवी आयुष्यात कधी ऐकलं नसेल. हेच मला लॉजच्या भिंतीआड मिळत नाही. लॉजला मी नावं ठेवत नाही. वय झालेल्यांना, गुडघे दुखणाऱ्यांना तेच योग्य, आणि ओकावांगोतले लॉज तर खूपच महाग. पण जंगलाचा दिवस आपल्याला पडद्यावर पाहून पाठ झालेला असतो. रात्र मात्र तिथे झोपल्याशिवाय कळत नाही. ताडोब्यावर माझं मनापासून प्रेम आहे, पण तिथे संध्याकाळी कोअरमधून, म्हणजे आतल्या राखीव भागातून, बाहेर पडावंच लागतं, आणि ते बरोबरही आहे. जनावरं उठायची वेळ होते आणि आपली गाडी फाटकाबाहेर. मोरेमीत त्या वेळी आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो.

हळूहळू आवाज ओळखू येऊ लागतात. पाणघोडा दिवसभर पाण्यात असतो आणि रात्री चरायला वर येतो, रुंद ओठांनी गवत उपटतो त्याचा फरफर आवाज. तरसाची खालून वर चढत जाणारी हाक. बिबट्याचा करवत चालवल्यासारखा खरखरीत स्वर. सिंहाची डरकाळी शांत रात्री सात-आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते, त्यामुळे ती ऐकली म्हणजे तो दारात आला असं नव्हे. जवळची डरकाळी ओळखता येते, ती कानाआधी छातीला जाणवते. एकदा कोणता आवाज कशाचा हे कळलं की भीतीला आकार येतो. नुसतं काळंभोर काहीतरी बाहेर आहे, असं राहत नाही.

सकाळी वाटाड्या वाळूतले ठसे दाखवतो. आमचे वाटाडे तिथलेच, माऊनकडचे. भेटल्याबरोबर दोन्ही बाजूंनी "दुमेला रा", "दुमेला मा" म्हणायचं, मगच पुढचं बोलणं. नमस्कार न करता थेट काही विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. एकदा शेकोटीच्या राखेपासून चारएक हातांवर सिंहिणीचा ठसा होता. ह्यांनी विचारलं, कधीची? वाटाड्याने गुडघ्यावर बसून दाखवलं: रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या पायांच्या बारीक रेषा ठशाच्या वरून गेल्या होत्या. म्हणजे किडे फिरून जाण्याआधीची, रात्रीच्या पहिल्या प्रहरातली. ती गेली तेव्हा आम्ही नुकतेच झोपायला गेलो होतो.

या जागेचा इतिहासही वेगळा आहे. मोरेमी इंग्रज सरकारने राखलेलं शिकारीचं रान नव्हतं. १९६३ साली, बोत्स्वाना स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी, त्या भागातल्या बाटावाना लोकांनी आपल्याच जमिनीतून हे अभयारण्य काढून दिलं. त्यांचा राजा तिसरा मोरेमी वारला होता आणि मुलगा वयात येईपर्यंत त्याची विधवा एलिझाबेथ पुलाने मोरेमी कारभार पाहत होती. बेसुमार शिकारीने जनावरं संपत चालली होती, ते तिने पाहिलं. एका टोळीची कारभारीण आपल्या लोकांना शिकारीची जमीन सोडायला राजी करते, ही साधी गोष्ट नाही. या बाईबद्दल मला फार आदर आहे. पण तिथल्या ख्वाई नदीकाठी राहणाऱ्या सान लोकांना त्यापायी घरं सोडून पलीकडे जावं लागलं, हेही सांगायला हवं. आज ख्वाई गाव उत्तरेकडच्या फाटकाबाहेर आहे, आणि गावाची संस्था पर्यटनातून उत्पन्न मिळवते. आम्ही एक मुक्काम मुद्दाम त्यांच्या जागेत करतो.

माझ्या एका नात्यातल्या वहिनी जुन्नरकडच्या. त्यांनीही हाच प्रश्न विचारला, आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या उसात बिबटी पिल्लं घालते. वीज रात्रीची येते म्हणून त्यांचे यजमान अंधारात पाणी धरायला जातात. त्यांना चेन लावायला तंबू नाही, नियम सांगायला वाटाड्या नाही, आणि त्यांनी ते निवडलेलंही नाही. माझी भीती काही रात्रींची आणि विकत घेतलेली. ओकावांगोच्या वरच्या भागातला शेतकरीही वहिनींच्या घरच्यांसारख्याच अवस्थेत आहे. जगातले सगळ्यात जास्त हत्ती बोत्स्वानात, सव्वा लाखाच्या वर, आणि ते पिकात उतरले की वर्षाची ज्वारी एका रात्रीत जाते. म्हणून तिथे कुणी हत्तींवर रागाने बोललं तर मी वाद घालत नाही, ऐकून घेते.

ज्वारीवरून आठवलं. तिथलं रोजचं अन्न ज्वारीचंच. पिठाची घट्ट पेज करतात, आंबवूनही करतात, आपल्या आंबिलीची आठवण यावी अशी. शाकाहारी माणसाचं काय होणार ही काळजी नको. आधी कळवलं तर डाळ, भाजी, निखाऱ्यावर लोखंडी भांड्यात भाजलेला पाव, सगळं मिळतं. मी लसणाची चटणी आणि मेतकूट नेते, पण ते रात्री गाडीत बंद, तंबूत नाही.

जायचं असेल तर जून ते ऑगस्ट जा. पाणी भरलेलं, झाडोरा विरळ, डास कमी. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल मात्र डॉक्टरांना विचारूनच निघा. पहाटे उघड्या जीपमध्ये हाडं गोठतात, लोकरीची टोपी आणि हातमोजे न्या, आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून चालू नका. लहान मुलांना नेणार असाल तर आधी चौकशी करा, कुंपण नसलेल्या मुक्कामावर बारा वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच सफरीवाले घेत नाहीत. निदान चार रात्री तरी ठेवा. पहिली रात्र जागण्यात जाते, दुसऱ्या रात्री आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात, आणि तिसऱ्या रात्री तुम्ही शेजारच्याला हलवून सांगता, "ऊठ, पाणघोडा आलाय."