‘पुंडलिक’ पाहायचा राहिला

१८ मे

१९१२ साली याच तारखेला गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ लागला. आज तो कुठेच नाही. त्याचा विषय निघाला की वाद मात्र ठरलेला: पहिला भारतीय चित्रपट हा, की त्याच थिएटरात ३ मे १९१३ ला आलेला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’? ‘पुंडलिक’विरुद्धचे मुद्दे पाठ झालेत. रामराव कीर्तिकरांचं नाटक, त्याचंच चित्रण. कॅमेऱ्यामागे जॉन्सन नावाचा गोरा. फिल्म धुवायला लंडनला धाडलेली. फाळक्यांचा मान मला मान्यच आहे.

माझा जीव अडकतो तो वेगळ्याच जागी. ‘हे तर नुसतं नाटकाचं चित्रण’ असा ठपका ज्या गोष्टीसाठी ठेवतात, तिच्यामुळेच आज तो अनमोल ठरला असता. १९१२! ‘मानापमान’ रंगभूमीवर येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्या जमान्यातल्या गायक नटांचे आवाज ध्वनिमुद्रिकांतून ऐकता येतात, पोशाख फोटोंत दिसतात. पण नट विंगेतून येताना पावलं कशी टाकायचा? पदर सावरताना स्त्रीपार्टी नटाचं मनगट कसं वळायचं? दारात साक्षात विठ्ठल उभा, आणि आईबापांचे पाय न सोडता पुंडलिक वीट पुढे करतो, तेव्हा तो मान वळवून बघायचा की नाही? वर्णनं कितीही वाचली तरी डोळ्यांपुढचा नट हलत नाही. मूकपटात शब्द ऐकू आले नसते, पण तो हलला असता.

फिल्म तेव्हा नायट्रेटची. भडकन पेट घेणारी, दमट हवेत आधी चिकट होणारी आणि मग भुकटी. त्यात जुन्या रिळांतली चांदी काढून विकायची रीत. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, हाती उरले ते अगदी थोडे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं १९६४ ला, म्हणजे ‘पुंडलिक’नंतर तब्बल ५२ वर्षांनी.

सिनेमावाले त्याला पहिल्या पानावर बसवायचं की तळटीपेत, यावर भांडत राहोत. रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मात्र त्याच्यावर हक्क सांगावा, असं मला मनापासून वाटतं. हरवला तो आधी त्यांचा ऐवज.