वही कशाला लागते?

आमच्या जिन्यातली पोरं विचारतात, जाऊबाई विचारतात, एकदा तर केबलची वायर बदलायला आलेल्या मुलाने स्टुलावर उभ्या उभ्या विचारलं, "काकू, रेस बघायला वही कशाला लागते?"

दरवेळी मी "असंच" म्हणून उडवून लावते. पण तुम्ही इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते.

फॉर्म्युला वनच्या मोसमातल्या सगळ्या रेसेस मी बघत नाही. रविवारची संध्याकाळ म्हणजे कोणीतरी येणार, कोणाकडे तरी जायचं असणार. पण ज्या वर्षी विजेतेपदाचा निकाल अगदी शेवटच्या रेसपर्यंत लटकतो, त्या दिवशी मी कोणाचा फोन घेत नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेली लांब वही, निळं पेन, लाल पेन, चष्मा आणि मी. पोरांचं म्हणणं, मी पहिल्या गाडीकडे बघतच नाही. खरं आहे. त्या दिवशी पहिली गाडी बघण्यासारखी असतेच असं नाही. कधीकधी पाचवी असते.

आता थोडं आडवळण घेते, रागावू नका.

एकतीस वर्षं मी कसब्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. संगणक बराच नंतर आला. नोकरीतल्या दुसऱ्याच मार्चअखेरीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची ताळ्याची बेरीज, जुळेना. फरक किती, तर सत्तावीस रुपये. मी नवी, घाबरलेली. माझ्या पर्समधले सत्तावीस रुपये पेटीत टाकून मोकळं व्हायची माझी तयारी होती. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "टाका की. मग पेटीही चुकेल." आणि मग, "नऊने भाग जातो का बघा." जात होता. नऊने भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत असं धरायचं. आणि नऊ त्रिक सत्तावीस, म्हणजे उलटलेल्या दोन आकड्यांत तीनचं अंतर हवं. ४१ चे १४, ८५ चे ५८, असलं काहीतरी. रात्री साडेनऊला सापडलं. रोजच्या नोंदींच्या रोजकीर्दीत ८५, खात्यांच्या खतावणीत ५८. अक्षर माझंच, आणि पान जून महिन्याचं. फरक दिसला एकतीस मार्चला, चूक झालेली जूनमध्ये. नऊ महिने ते पान निमूट बसून होतं.

रेसच्या नादाला मला लावलं भाच्याने. तो भोसरीत सीएनसी मशीनवर होता. २००८ च्या दिवाळीत कंपनीत ओव्हरटाइम, म्हणून भाऊबीजेला आला नाही, तो उरलेला फराळ खायला पुढच्या रविवारी आला. २ नोव्हेंबर. आमच्या घरी त्या दिवशी सुतक होतं, कारण दुपारी दिल्लीला कोटलावर कुंबळेने निवृत्ती जाहीर केली होती आणि हे कोणाशी बोलत नव्हते. रात्री साडेदहाला भाच्याने रिमोट घेतला तरी यांनी काही म्हटलं नाही.

ब्राझीलमधली रेस. साओ पावलोचं इंटरलागोस, तिथे दुपारचे तीन. पाऊस आला म्हणून सुरुवातच दहा मिनिटं पुढे गेली. भाचा चकली मोडत मला समजावत होता: मॅकलॅरनच्या लुईस हॅमिल्टनचे ९४ गुण, फेरारीच्या फेलिपे मस्साचे ८७. पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, मग सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. "म्हणजे आत्या, मस्सा जिंकला तरी हॅमिल्टनला पाचवा नंबर पुरतो."

माझ्या हाताशी घरखर्चाची वही होती. दिवाळीचा हिशेब अर्धा राहिला होता. बेसन, तूप, पोह्यांच्या नोंदींखाली मी दोन रकाने आखले. ८७ अधिक १० म्हणजे ९७. ९४ अधिक ४ म्हणजे ९८. सहावा आला तर ९४ अधिक ३, दोघेही ९७. "मग बरोबरी?" मी विचारलं. भाचा म्हणाला, बरोबरी झाली की जास्त रेसेस जिंकलेला वर. आज जिंकला तर मस्साच्या सहा होतात, हॅमिल्टनच्या पाच. म्हणजे पाचवा नंबर आणि सहावा नंबर यात वर्षभराचा सगळा जीव अडकलेला. मस्सा आपला पुढे एकटाच चालला होता, त्याच्या गावची रेस, गर्दी त्याच्या नावाने वेडी झालेली. मी मात्र तेव्हापासून पाचव्या गाडीवर डोळा ठेवून बसले ते आजतागायत.

एकाहत्तर लॅप्स, म्हणजे फेऱ्या. शेवटच्या काहींत पुन्हा पाऊस. बहुतेक जण टायर बदलायला आत, पण टोयोटाचा टिमो ग्लॉक कोरड्या रस्त्याचेच टायर ठेवून बाहेर राहिला, त्यामुळे वर सरकला. एकोणसत्तराव्या लॅपला सेबॅस्टियन वेटेलने हॅमिल्टनला मागे टाकलं. हॅमिल्टन सहावा! भाचा उभा राहिला. मस्साने रेषा ओलांडली. फेरारीच्या गॅरेजात लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, मस्साच्या घरचे उड्या मारायला लागले, आणि मी निळ्या पेनाने स्वच्छ अक्षरात लिहिलं: मस्सा ९७, विजेता.

तेवढ्यात शेवटच्या वळणाच्या आधी ती पांढरी-लाल टोयोटा बर्फावर चालल्यासारखी हळू झालेली, आणि हॅमिल्टन तिच्या बाजूने निघून गेला. "ग्लॉक! ग्लॉक!" भाचा ओरडला, हे आतून म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?" पाचवा नंबर. ९८. मस्साने रेषा ओलांडल्यापासून जेमतेम एकोणचाळीस सेकंद झाले होते. तेवढाच वेळ तो जगज्जेता होता. घड्याळात सव्वाबारा.

ग्लॉकने मुद्दाम सोडलं, असं तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. ओल्या रस्त्यावर कोरडे टायर घालून उभं तरी राहता येतं का, ते बोलणाऱ्यांनी आधी बघावं. त्याच्या संघातला जोडीदारही तसाच चाचपडत आला होता.

मस्सा व्यासपीठावर छातीवर हात आपटत रडत होता, आणि मला माझ्या पानाचं वाईट वाटत होतं. पेनाने लिहिलेलं. हिशेबाच्या वहीत खोडरबर चालत नाही, पांढरी शाईही नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी लाल रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मी तेच केलं. त्या पानावर शंकरपाळ्याचा तुपकट डाग आहे, अजून दिसतो.

एक गुणाचा फरक. एकाला नऊने भाग जात नाही, म्हणजे आकडे उलटे पडलेले नाहीत. मग कुठली तरी नोंदच सुटलेली असते. झोप लागेना. दुसऱ्या दिवशी भाच्याला सांगितलं, मला वर्षभराच्या अठराही रेसेसचे गुण हवेत. त्याने कंपनीतून प्रिंट काढून आणला, आणि मी मागे मागे टिक मारत गेले.

आणि सापडतात हो नोंदी. ऑगस्टमध्ये हंगेरीत मस्सा सगळ्यांच्या पुढे, फक्त तीन लॅप्स उरलेले, आणि इंजिन गेलं. दहाचे शून्य. जुलैत सिल्व्हरस्टोनच्या पावसात पाच वेळा गिरकी घेऊन तेरावा. सप्टेंबरच्या शेवटी सिंगापूरला पहिल्यांदाच रात्रीची रेस. पुढे होता, पेट्रोल भरायला आत आला, सुटायचा दिवा चुकीच्या क्षणी हिरवा झाला आणि हा पठ्ठ्या पेट्रोलची नळी गाडीला लोंबकळत ठेवून सुटला. पिट लेनच्या, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी आत यायच्या गल्लीच्या, टोकाला जाऊन थांबला, फेरारीची माणसं पळत पळत तिथवर गेली आणि ती नळी ओढून काढली. पुन्हा तेरावा. त्या रात्री हॅमिल्टन तिसरा, सहा गुण. पण दुसऱ्या बाजूलाही खर्च आहे. कॅनडात पिटच्या तोंडाशी लाल दिवा लागलेला, आणि हॅमिल्टनने उभ्या असलेल्या राइकोनेनला, मस्साच्याच संघातल्या, मागून ठोकलं. बेल्जियममध्ये तो जिंकला, नंतर पंचवीस सेकंदांचा दंड होऊन तिसरा झाला आणि जिंकल्याचे दहा गुण मस्साच्या खात्यात गेले.

म्हणून वही. शेवटच्या रेसला सगळे त्या दोन तासांकडे बघतात, मला मागची पानं दिसायला लागतात. कोणी म्हणालं "शेवटच्या वळणावर गेलं" की माझी जीभ वळवळते. शेवटच्या वळणावर फक्त तेरीज मांडली गेली.

भाच्याने मग मला १९८४ सांगितलं आणि माझी चंगळ झाली. निकी लाउडाचे ७२, अलाँ प्रोस्टचे साडेएकाहत्तर. पोर्तुगालच्या शेवटच्या रेसमध्ये प्रोस्ट पहिला आला, लाउडा दुसरा, आणि लाउडा अर्ध्या गुणाने जगज्जेता. अर्धा गुण? माझ्यातली कारकून ताठ बसली. हा अर्धा आला कुठून? तर मोनॅकोहून, जूनमधून. (जून महिना माझ्या पाठीस लागलाय.) तिथे पावसात रेस मध्येच थांबवली, प्रोस्ट पुढे होता म्हणून तो जिंकला, पण रेस अर्धवट म्हणून नऊच्या ऐवजी साडेचार. रेस पूर्ण झाली असती आणि मागून येणाऱ्या सेना नावाच्या नव्या पोराने त्याला गाठून दुसरा केला असता, तरी त्याला सहा मिळाले असते. साडेएकाहत्तरातून साडेचार वजा, सहा मिळवा: ७३. हरला असता तर जिंकला असता! ही बेरीज मी तीनदा करून बघितली.

२०१६ चं पान मात्र कोरंच आहे. नोटाबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते, काउंटरवर लोक, आम्हाला पाणी प्यायला फुरसत नाही. रोझबर्ग पाच गुणांनी जगज्जेता झाला आणि पाच दिवसांत निवृत्त झाला, हे मी नंतर पेपरात वाचलं. मला त्या माणसाचा हेवा वाटला होता.

आता २०२१. याबद्दल खालच्या मजल्यावरच्या ओंकारशी माझा वाद अजून मिटलेला नाही. अबू धाबी, १२ डिसेंबर. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, म्हणजे कुकर लावून बसता येतं. मॅक्स वर्स्टॅपन ३६९.५, हॅमिल्टन ३६९.५. दोघांकडे तोच अर्धा, आणि पुन्हा पावसाचाच. बेल्जियमला त्या वर्षी सेफ्टी कारच्या (धोका असला की सगळ्यांना संथ, रांगेत ठेवणाऱ्या गाडीच्या) मागे चालवून अर्धे गुण वाटले होते. मला तर गंमतच वाटली. जिन्यातली चार पोरं खाली बसलेली, मी सोफ्यावर वही घेऊन.

हॅमिल्टन पुढे, आरामात. अठ्ठावन्न लॅप्सपैकी त्रेपन्नाव्यात लतीफी नावाच्या चालकाने गाडी भिंतीवर घातली, सेफ्टी कार आली. वर्स्टॅपनने आत जाऊन नवे मऊ टायर घातले, हॅमिल्टन जुन्या टायरांवर बाहेरच. दोघांच्या मध्ये एक लॅप मागे पडलेल्या पाच गाड्या. आणि रेस संचालकांनी फक्त त्या पाचच गाड्यांना पुढे जाऊ दिलं, बाकीच्या तशाच ठेवल्या, आणि शेवटचा एक लॅप खुला केला. पाचव्या वळणाला वर्स्टॅपन पुढे. संपलं. पोरं सोफ्यावर नाचली, माझं निळं पेन सोफ्याखाली गेलं.

मी चिडले ती हॅमिल्टनसाठी नाही. मार्चअखेरीला, कुलूप लावायच्या वेळी, वरून निरोप येतो की "एवढी एक नोंद घ्या, नियमाचं उद्या बघू," असले निरोप मी नोकरीत ऐकलेत. हे तसं वाटलं. पुढच्या मार्चमध्ये आलेल्या अहवालात माणसाची चूक झाली असं म्हटलं गेलं, संचालकांना त्याआधीच बाजूला केलं होतं, निकाल तसाच राहिला.

ओंकार म्हणतो, "काकू, मागची पानं बघा म्हणून तुम्हीच शिकवता ना? मग बघा." कारटं हुशार आहे. कारण मागची पानं बघितली तर वर्स्टॅपन त्या वर्षी दहा रेसेस जिंकला, हॅमिल्टन आठ. बाकूला वर्स्टॅपन पुढे असताना टायर फाटून भिंतीवर गेला, तेव्हा भरपूर गुण हॅमिल्टनच्या ताटात वाढून ठेवले होते. रेस पुन्हा सुरू झाली, आणि याचा हात स्टिअरिंगवरच्या ब्रेकच्या बटणाला लागला, गाडी पहिल्याच वळणाला सरळ बाहेर. शून्य. महिना, सांगायला नको, जूनचा. त्या दिवशी नुसता दुसरा आला असता तरी अठरा गुण होते, आणि अबू धाबीनंतर फरक पडला तो आठाचा.

यावर मी ओंकारला काही उत्तर दिलेलं नाही. त्याला सांगू नका.

२०२४ मध्ये भाच्याचा फोन आला. तो आता चाकणला सुपरवायझर आहे, रेस मोबाइलवर बघतो. म्हणाला, "आत्या, मस्साने लंडनच्या कोर्टात दावा लावलाय, सिंगापूरवरून." कशावरून ते मला ठाऊक होतंच. पेट्रोलची नळी फेरारीचीच चूक, पण सगळे धावपळीने पिटमध्ये आले होते ते रेनॉ संघाच्या पिके ज्युनिअरने गाडी भिंतीवर घातली म्हणून. आणि ती त्याने मुद्दाम, आपल्याच संघातल्या अलोन्सोचा फायदा व्हावा म्हणून घातली होती, हे २००९ मध्ये बाहेर आलं होतं. ते कळलं तेव्हा मी वही उघडून बराच वेळ बसले होते. एक गुणाची ती नोंद.

"मग?" भाचा म्हणाला, "तुझी ती लाल रेघ काढायची का?"

रेघ काढत नसतात. शेरा लिहितात. मी पान शोधलं, बेसन, तूप, पोहे, त्याखाली मस्सा, त्यावर रेघ, बाजूला माझी तेव्हाची ठसठशीत सही. समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं: प्रकरण न्यायप्रविष्ट.