एका डोसचे उत्तर आणि दहा वर्षांचा पाठपुरावा

क्लिनिकल ट्रायलच्या कामात असल्यामुळे नवा प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीचा लेखी आराखडा, हाती आला की दीर्घकालीन पाठपुराव्याचा भाग मी आधी वाचते, कारण बहुधा तोच घाईत उरकलेला असतो. या टप्प्याचे मोल सांगताना मला एचपीव्ही या, लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या, विषाणूविरुद्धच्या लसीच्या भारतातील चाचणीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडत नाही.

२००९ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींमध्ये दोन आणि तीन डोसांची तुलना व्हायची होती. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि बार्शी ही केंद्रे तिच्यात सहभागी होती. एप्रिल २०१० मध्ये, एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पावरून वाद उठल्यानंतर, सरकारने अशा सर्व चाचण्यांमधील लसीकरण थांबवले. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती आणि त्यांतील जवळपास ५,००० जणींचा एकच डोस झाला होता.

संशोधकांनी या मुलींना वाऱ्यावर सोडले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. कर्करोग व्हायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकांच्या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग हा निकष धरला गेला. तपासणीचे नमुने लग्नानंतर १८ महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हापासून, घ्यायचे ठरले. कागदावर ही एक ओळ असते. प्रत्यक्षात मात्र मुलगी सासरी गेलेली असते, आडनाव आणि कधीकधी नावही बदललेले असते, नोंदवलेला मोबाइल वडिलांचा किंवा भावाचा असतो, आणि तिचा नवा पत्ता माहेरच्या माणसांच्या विश्वासावरच मिळतो. हा विश्वास पहिल्या भेटीपासून जपावा लागतो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका डोसची परिणामकारकता ९५.४ टक्के, म्हणजे दोन-तीन डोसांच्या तोडीची, दिसली. एका डोसचा गट यादृच्छिक निवडीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा, ठरलेला नव्हता आणि लस न घेतलेल्या स्त्रियांचा तुलनागट नंतर जोडावा लागला, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचायला हवा. तरीही २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत या मुलींचाही वाटा आहे. म्हणूनच पाठपुराव्याचा निधी, संपर्काची पद्धत आणि त्यासाठीची संमती या तिन्ही गोष्टी पहिल्या सहभागीची नोंदणी होण्याआधीच प्रोटोकॉलमध्ये पक्क्या झाल्या पाहिजेत, असा माझा आग्रह असतो.