तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाला आठच महिने, मग तपासण्या कशाला?

हा प्रश्न चुलत सासूबाईंनी विचारला, स्टाफरूममधल्या मॅडमनी विचारला, सख्ख्या बहिणीनं तर फोनवर झापलंच, "नसलेलं दुखणं कशाला उकरून काढायलीस?" दरवेळी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते सांगते.

घाई नाही. आम्हाला लेकरू पुढच्या वर्षी हवंय. "वर्षभर वाट बघा, नाही राहिलं तर डॉक्टरकडं जा" हा नियम मलाही माहीत आहे. पण तो धडधाकट बाईसाठी. एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढायचं दुखणं, आहे हे माझ्यासारखं आधीच कळलेलं असेल, तर वर्ष घालवू नका, असं डॉक्टरच सांगतात. माझ्या पाळीचे चार दिवस कसे जातात ते तुम्ही बघितलंय, ते परत सांगत नाही.

सांगायचंय ते २०१९ चं. मी पंचवीस वर्षांची, बिनलग्नाची. आपल्याच बीड जिल्ह्यातलं एक सोनोग्राफी सेंटर. काउंटरवर पहिला प्रश्न, "लग्न झालंय?" नाही म्हटल्यावर, "मग पोटावरूनच. पाणी प्या." योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय जास्त स्पष्ट दिसतं, हे कुणी सांगितलंसुद्धा नाही. कुमारिकेला कसं विचारणार! लिटरभर पाणी पिऊन, पाय आवळून, भिंतीवरची "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी मी किती वेळा वाचली असेल. निघालं काय, तर डाव्या अंडाशयावर सहा सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट. ही एंडोमेट्रिऑसिसचीच गाठ, आत जुनं रक्त साकळून चॉकलेटसारखं होतं म्हणून हे नाव. इतकं गोड नाव कुणाला सुचलं असेल?

डॉक्टरांपुढं आई एकच बोलली, "पिशवी काढावी लागंल का वो?"

तिचं चुकलं नव्हतं. आमच्याकडं बाईच्या पोटदुखीचा शेवट तिथंच व्हायचा. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं सरकारी सर्वेक्षण झालं, तर ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या दोघी आमच्या गल्लीतल्याच असतील, असं आई पेपर वाचताना म्हणाली होती.

डॉक्टर हसले. "नाही हो, गाठ तेवढी काढू." आईनं हात जोडले. पिशवी वाचली या आनंदात आम्ही पुढचं काही विचारलंच नाही. गाठीचं आवरण सोलताना अंडाशयाचा चांगला भागही निघून येऊ शकतो, अंडी कमी होऊ शकतात, म्हणून आधी एएमएच ही उरलेल्या अंड्यांचा अंदाज देणारी रक्ततपासणी करून ठेवावी, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. हो, आणि मी बीएस्सी झालेली, मीही तोंड उघडलं नाही. आईसारखीच मान डोलवून बाहेर आले.

म्हणून यावेळी लातूरला गेले. एएमएच आलं ०.८, म्हणजे कमीच. सोनोग्राफीत उजवीकडं चार बीजकोष, डावीकडं एक. शिवाय उजवीकडं नवी गाठ, तीन सेंटिमीटरची. ह्यांचीही वीर्यतपासणी केली, ती व्यवस्थित आली. सगळ्यात सोपी तपासणी ती, आणि घरात सगळ्यात जास्त तोंडं वाकडी झाली तीही तिच्यावरूनच.

एसटीत रडले. डॉक्टरबाईंनी समजावलं होतं की हा आकडा अंडी साधारण किती उरलीत ते सांगतो, कशी आहेत ते नाही. आपसूक दिवस राहतील की नाही, तेही त्यावरून ठरत नाही. अंडी वाढवायची इंजेक्शनं द्यायची वेळ आली तर अंडाशय कितपत दाद देईल, आणि परत ऑपरेशन करायचं तर किती जपून, एवढ्यासाठी तो उपयोगी. डोक्याला पटलं. पण ०.८ ते ०.८च.

सासरे बोअर घ्यायच्या आधी हातावर नारळ ठेवणाऱ्या पाणाड्याला सगळं शिवार फिरवतात, तिथं कुणी म्हणत नाही, आधी वर्षभर खोदून बघा. मी रक्त दिलं तर घाई!

पण खरं सांगू? तपासायला निघाले तेव्हा वाटलं होतं, एकदा कळलं की मन मोकळं होईल, पुढच्या वर्षाचं निवांत ठरवता येईल. तो निवांतपणाच गेला. पुढचं वर्ष आता लांब वाटतं. फाइल कपाटात ठेवली तरी सासूबाईंना तिची जागा ठाऊक आहे, आणि "आता थांबू नका" हे जेवताना एकदा तरी निघतंच. बहीण म्हणत होती ते अगदीच खोटं नव्हतं. तरी परत विचाराल तर परत तपासेन. का, ते रोज वेगळं सांगेन.

येत्या बुधवारी परत लातूर. ही गाठ काढायची, की तिला हात न लावता आधी प्रयत्न करायचे, हे ठरायचंय. आई सोबत येते म्हणालीय. मी म्हटलं, ये, पण माझं विचारून होईपर्यंत हात जोडून उठायचं नाही.