तीन मिमीचा प्लाय तीन मिमीचा नसतो

प्लायच्या शीटवर ३ मिमी असं छापलेलं असतं. व्हर्नियर (जाडी बारकाईने मोजायचं साधन) लावून बघा: एका कोपऱ्यात २.७, मधे २.८५, पलीकडच्या टोकाला ३.१. हा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पेटीच्या खाचेत फळी बसवायला गेलं की मात्र लगेच कळतो. एका बाजूला फळी खुळखुळते, दुसऱ्या बाजूला ठोकूनही आत जात नाही.

मोठ्या कारखान्यात एकाच डिझाइनचे हजारो नग निघतात. पहिले पाच-दहा बिघडले तरी पुढचे सुधारून घेता येतात. लेझर मशीनवर ऑर्डरप्रमाणे वस्तू कापून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपला ही सोय नाही. आज दागिन्यांची पेटी, उद्या नावाची पाटी, परवा ट्रॉफी. जवळपास प्रत्येक नग पहिलाच असतो. त्यामुळे काम बिघडतं किंवा जमतं ते बहुतेक वेळा मशीन चालू व्हायच्या आधीच. ही पोस्ट त्या आधीच्या कामाबद्दल आहे.

शीट आली की चार कोपरे आणि मध्य अशी पाच ठिकाणी जाडी मोजायची आणि पेन्सिलीने तिथेच शीटवर लिहायची. ज्या भागातून पेटीच्या भिंती काढायच्या, त्या भागाची जाडी डिझाइनमध्ये घालायची. अॅक्रिलिकलाही हेच लागू आहे. कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या, अॅक्रिलिकची जाडी एकाच शीटमध्ये बरीच वर-खाली होते; एक्स्ट्रूडेडची, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेल्याची, बऱ्यापैकी सारखी असते. पण खोदकाम करायचं असेल तर कास्टच घ्यावं, कारण त्यावर अक्षर पांढरं, दुधाळ उमटतं. एक्स्ट्रूडेडवर ते पारदर्शक आणि चिकट राहतं.

दुसरं माप कर्फचं. लेझर जिथून जातो तिथलं लाकूड जळून उडून जातं, त्या फटीची रुंदी म्हणजे कर्फ. तीन मिमी प्लायवर सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरचा कर्फ साधारण ०.१ ते ०.२५ मिमी असतो, पण दुसऱ्याचा आकडा आपल्या मशीनला लावू नये. स्वतः काढायची पद्धत सोपी आहे. १०० मिमी लांब आणि २० मिमी रुंद पट्टी काढा, तिला आतून ९ रेषा मारून १० तुकडे करा. कापल्यावर तुकडे एकमेकांना घट्ट भिडवून ओळीत लावा आणि एकूण लांबी मोजा. ती ९८.२ मिमी भरली तर दहा तुकड्यांनी मिळून १.८ मिमी गमावले. नऊ रेषा आणि दोन टोकांचा अर्धा-अर्धा मिळून दहा कर्फ, म्हणजे एक कर्फ ०.१८. एकच तुकडा मोजून काढलेला कर्फ फसवतो, कारण व्हर्नियर धरण्यातली चूक त्या आकड्याएवढीच मोठी असते. दहा तुकड्यांत ती विभागली जाते. पट्टी एकदा आडवी आणि एकदा उभी कापून बघा, कारण लेझरचा ठिपका दर वेळी अगदी गोल नसतो.

आता हिशेब. प्लाय मोजून २.८ मिमी भरला, कर्फ ०.२ आहे, आणि खाच डिझाइनमध्ये ३.० ठेवली. कापल्यावर खाच होते ३.२, फळी २.८. फट ०.४ मिमीची, आणि गोंदाने ती भरत नाही. त्या फळीसाठी खाच २.६ काढावी लागते. फिंगर जॉइंटमध्ये, म्हणजे बोटांसारखे दाते एकमेकांत अडकवायच्या जोडात, तर दोन्हीकडून मार बसतो: १० मिमीचं बोट ९.८ होतं आणि १० मिमीची खाच १०.२. म्हणून बाहेरची रेषा अर्ध्या कर्फने बाहेर आणि आतली अर्ध्या कर्फने आत सरकवायची. लाकूड थोडं दबतं, त्यामुळे प्लायमध्ये जोड किंचित घट्ट ठेवला तरी चालतो, ०.०५ मिमी पुरतो. अॅक्रिलिक दबत नाही, तडकतं. तिथे जोड सैलच ठेवायचा.

प्लायची दुसरी अडचण आतल्या गोंदाची. पाण्याला टिकणाऱ्या प्लायमधला फिनॉलिक गोंद गडद आणि चिवट असतो, लेझरला दाद देत नाही. घरातल्या वापराच्या प्लायमधला युरिया गोंद बराच सहज कापला जातो. मधल्या थरात पोकळी किंवा गाठ आली की बाकी सगळी रेषा आरपार कापली जाते आणि नेमका तेवढा दोन सेंटिमीटरचा भाग अडकून राहतो. अशा वेळी पॉवर वाढवत बसू नका. शीट जागची न हलवता तेवढीच रेषा निवडून दुसरा पास द्या, म्हणजे तिच्यावरून लेझर पुन्हा एकदा फिरवा. शीट उचलून खाली सुटलंय का ते पाहण्याचा मोह आवरावा; एकदा हलली की पुन्हा त्याच जागी बसत नाही. तपासायचं असेल तर पातळ चिकटपट्टीने आतला छोटा तुकडा वर ओढून बघा. वाकलेली शीट तशीच ठेवून कापू नये. मधे दोन-तीन मिमी फुगवटा असला तर तिथे फोकस सुटतो, फट रुंद होते आणि कडा काळी पडते. हनीकॉम्बला (शीटखालच्या जाळीला) चुंबक किंवा पिना लावून शीट सपाट दाबून धरा.

काही वस्तू मशीनखाली कधीच जाऊ देऊ नयेत, आणि पहिलं नाव पीव्हीसीचं. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसाला घातक असतोच, हवेतल्या ओलाव्याशी मिळून मशीनच्या लोखंडावरही आठवड्याभरात गंज चढवतो. रेक्झिन, विनाइलचे स्टिकर, फोमबोर्डसारखे दिसणारे पांढरे पत्रे यांत पीव्हीसी असण्याची शक्यता मोठी. गिऱ्हाईक स्वतःचं मटेरियल घेऊन आलं आणि ते काय आहे हे सांगता येत नसेल, तर उघड्या हवेत तांब्याच्या तारेची परीक्षा करा. तार लाल होईपर्यंत तापवा, प्लॅस्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते काम नाकारा. पॉलिकार्बोनेटही अॅक्रिलिकसारखंच दिसतं, पण नीट कापलं जात नाही. तपकिरी होऊन जळतं.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण नावाच्या पाट्या हे अशा वर्कशॉपचं रोजचं काम आणि त्यात होणाऱ्या चुका रोमन अक्षरांच्या सवयीतून येतात. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःचा शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढलेला असतो. पडद्यावर रेघ सलग दिसते. मजकुराचे पाथ केले, म्हणजे अक्षरांचं रेषांत रूपांतर केलं, की मात्र प्रत्येक अक्षराची वेगळी बाह्यरेषा तयार होते, आणि लेझर ती चढलेली जागाही इमानाने कापतो. पाटीऐवजी सुटी अक्षरं हातात येतात. त्यामुळे पाथ केल्यावर सगळी अक्षरं युनियन (एकत्र) करून एकच बाह्यरेषा करायची, मग फक्त रेषा दाखवणाऱ्या आउटलाइन दृश्यात जाऊन शिरोरेघेवर उभी रेषा कुठे राहिली नाही ना हे बघायचं. अक्षरांतलं अंतर वाढवू नका. रोमनमध्ये ते शोभतं, देवनागरीत शिरोरेघ तुटते.

त्यानंतर सुटे भाग. अनुस्वाराचं टिंब, चंद्रबिंदू, विसर्ग कशालाच चिकटलेले नसतात. कापले की हनीकॉम्बच्या भोकातून खाली पडतात. पाटीला मागे फळी असेल तर ते वेगळे चिकटवता येतात. नसेल तर टिंबाला शिरोरेघेपर्यंत बारीक मान द्यावी लागते. उकार आणि पाय मोडल्याची खूण काही फॉन्टमध्ये दांड्याला जेमतेम टेकलेली असते. तिथली जाडी निदान मटेरियलच्या जाडीएवढी करून घ्या. स्टेन्सिल काढताना उलटं होतं: प, म, व, ष यांच्या पोटातला भाग गळून पडतो, त्याला पूल ठेवायला हवा. लांब बारीक शिरोरेघ कोणत्या दिशेने ठेवायची हे ठरवायला त्याच प्लायच्या ५ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने, एक त्यांना आडवी. हाताने मोडून बघा. जी जास्त जोर मागते ती दिशा घ्या.

टाइप करताना आणखी एक सापळा आहे. लेझर चालवणाऱ्या काही सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नाही. ‘स्मिता’ लिहिलं की ‘स’चा पाय मोडतो आणि वेलांटी ‘म’च्या मागे जाऊन बसते. मजकूर नेहमी देवनागरी नीट दाखवणाऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये लिहा, पाथ करा, आणि एसव्हीजी किंवा डीएक्सएफ (रेषा साठवणारी) फाइल पुढे द्या. पाथ झाल्यावरचं चित्र गिऱ्हाईकाला पाठवून ऱ्हस्व-दीर्घासकट लेखी होकार घ्यावा. फोनवर सांगितलेल्या नावात पहिली की दुसरी वेलांटी हे ऐकू येत नाही.

फाइलमध्ये एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा शोधून काढा. त्या दोनदा कापल्या जातात आणि कड कोळसा होते. क्रम असा लावायचा: आधी खोदकाम, मग आतली भोकं, शेवटी बाहेरची रेषा. बाहेरची आधी कापली तर तुकडा सुटून तिरका होतो आणि भोक सरकतं.

खोदकामाला किती वेळ लागेल हे कागदावर काढता येतं, आणि भाव सांगण्याआधी ते काढायलाच हवं. खोदताना हेड (लेझरचा किरण सोडणारा सरकता भाग) एकेक ओळ मारत जातं. २०० मिमी लांब, २० मिमी उंच मजकूर घ्या. दोन ओळींत ०.१ मिमी अंतर, वेग सेकंदाला ३०० मिमी, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला वळायला समजा ०.२ सेकंद. हेड लांबीच्या दिशेने गेलं तर २०० ओळी, प्रत्येकी ०.८७ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांच्या आत. तोच मजकूर उभा फिरवून ठेवला तर २,००० ओळी, प्रत्येकी ०.२७ सेकंद, जवळपास नऊ मिनिटं. अक्षरं तीच, खोली तीच, वेळ तिप्पट. पन्नास पाट्यांच्या ऑर्डरमध्ये यातून पाच तासांचा फरक पडतो.

तरीही भाव लावताना मशीनची मिनिटं हा छोटा भाग असतो. आराखडा, गिऱ्हाईकाचे दोन-तीन बदल, घासणं, पॉलिश, वाळवणं, पॅकिंग हे सगळं मिनिटांत लिहून काढलं की मशीनच्या कित्येक पट भरतं. तिथेच नवीन लोकांचं नुकसान होतं. कच्च्या मालावर वाया जाणारा भाग आणि एक फुकट जाणारा नमुना नग धरूनच आकडा द्यावा.

काजळीचे डाग टाळायला कापण्याआधी दोन्ही बाजूंना कागदी मास्किंग टेप लावतात. खालच्या बाजूचे डाग बहुतेक हनीकॉम्बवर साचलेल्या चिकट राळेमुळे पडतात, म्हणून शीट पिनांवर उचलून ठेवली की खालची बाजू स्वच्छ राहते. ज्यावर खोदायचं त्या लाकडाला आधी लॅकरचा एक हात द्या. मग काजळी लाकडाच्या रेषांत मुरत नाही, ओल्या फडक्याने निघते. काळ्या पडलेल्या कडेवर पांढरा सुतारी गोंद नीट धरत नाही, कारण तो लाकडाला न चिकटता कोळशाला चिकटतो. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने कड हलकी घासून घ्या. अॅक्रिलिकच्या कापलेल्या कडा अल्कोहोलने पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं. अळशीच्या तेलाने पॉलिश केलेली फडकी चुरगळून टोपलीत टाकली तर आपोआप पेटू शकतात; उघडी पसरून वाळवा.

लेझर तयार करणाऱ्या काचेच्या ट्यूबला थंड ठेवायला डिस्टिल्ड वॉटर लागतं, साधारण १५ ते २५ अंशांत. पाणी ३० अंशांच्या वर गेलं की पॉवर घसरते आणि काल चाललेलं सेटिंग आज कापत नाही. दमट हवेत पाणी फार थंड ठेवलं तर ट्यूबवर दव जमतं, आणि तिथे हजारो व्होल्ट असतात. लेन्स रोज बघावी: तिच्यावर धुराचा थर बसला की ती तापते आणि तडकते. झिंक सेलेनाइडची फुटलेली लेन्स उघड्या हाताने गोळा करू नये, ती भुकटी विषारी आहे. एअर असिस्टचा (कापायच्या जागी हवेचा झोत सोडणारा) पंप बंद असताना एकही रेषा कापायची नाही. खालच्या ट्रेमधला चुरा रोज काढा, आग बहुतेक तिथे धरते. कापणं चालू असताना खोली सोडून जायचं नाही, अगदी फोन घ्यायलाही नाही. जवळ सीओटूचं अग्निशामक ठेवा. पावडरचं वापरलं तर आग विझते, पण आरसे, लेन्स आणि रेल सगळं खराब होतं.

काम पूर्ण झालं की फाइलच्या नावातच मोजलेली जाडी, कर्फ, वेग आणि पॉवर लिहून ठेवा, आणि त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर हेच आकडे खोदून तो भिंतीला टांगा. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक तशीच दुसरी पेटी मागायला आलं की नवीन शीटवर व्हर्नियर लावायचा. भिंतीवरचा तुकडा २.८ सांगत असेल आणि नवीन शीट २.९५ भरत असेल, तर खाचा ०.१५ ने रुंद करून आधी फक्त एक कोपरा कापून बघायचा.