पाचवी आज्ञा पाळायची की नववी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरच्या सदर भागातील आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांसाठी बायबल शाळा भरते. मे महिन्यात नागपूरचे ऊन दहा वाजताच सोसवेनासे होते, म्हणून वर्ग सकाळी लवकर सुरू करतो. नऊ ते बारा वर्षांची मुले माझ्याकडे असतात. यंदा विषय होता दहा आज्ञांचा, आणि बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायातील त्या आज्ञा मुलांनी बघता बघता तोंडपाठ केल्या होत्या. त्यांतली पाचवी आईबापांचा मान राखायला सांगते, तर नववी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको म्हणते.

त्या दिवशी पाठांतर आटोपल्यावर एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलाने हात वर केला. "टीचर, समजा एखाद्याचे बाबा म्हणाले, दारात माणूस आला तर मी घरी नाही म्हणून सांग, तर पाचवी आज्ञा पाळायची की नववी?" त्याचे वडील ऑटो चालवतात आणि ऑटोच्या कर्जाचे हप्ते थकले आहेत, हे मला ठाऊक होते. त्याने 'समजा' म्हटले होते. ते समजाच राहावे, ही माझी पहिली काळजी होती.

मी उत्तर देण्याआधीच एक मुलगी उभी राहिली. इब्री सुइणी फारोशी खोटे बोलल्या, तरी देवाने त्यांचे भलेच केले, असे ती ठामपणे म्हणाली आणि वर्गात एकच गलका झाला. तिने निर्गमाचा पहिला अध्याय नीट वाचला होता. मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो याने इब्री, म्हणजे इस्राएली, लोकांचे मुलगे जन्मताच मारायला सुइणींना सांगितले, पण त्यांनी ते जिवंत ठेवले, असे तेथे आहे. मी मुलांना विचारले की, त्या सुइणी कोणाला वाचवत होत्या? "बाळांना," सगळे म्हणाले. आणि नवव्या आज्ञेतील खोटी साक्ष कोणाविरुद्ध असते? शेजाऱ्याविरुद्ध. फारोच्या हाती तान्ह्या मुलांचे जीव होते, तर दारातला माणूस आपले पैसे मागायला आलेला असतो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मुलांनीच बोलून दाखवले.

मग मी त्यांना २२ वा अध्याय उघडायला लावला. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत दे, कारण रात्री तो दुसरे काय अंगावर घेऊन निजेल, असे तेथे सावकाराला बजावले आहे, आणि त्या गरिबाने हाक मारली तर मी ऐकेन, असे देव स्वतः म्हणतो. तो मुलगा ओळीवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचत होता. "म्हणजे त्या माणसालाही देवाची आज्ञा आहे?" त्याने विचारले. आहे, मी म्हटले, आणि घेतलेले कर्ज फेडण्याची जबाबदारी बाबांवरही आहे. आज्ञा पाठ व्हायलाच हव्यात, असे मी आजही मानते. परंतु मिसरच्या गुलामगिरीतून लोकांना सोडवल्यानंतर देवाने त्या दिल्या, हे मुलांच्या मनात उतरले नाही तर त्यांना देव केवळ चुका मोजणारा वाटू लागतो, आणि पुढे त्याच्याजवळ जाण्याचीच त्यांना भीती वाटते.

दारात काय बोलायचे, हा प्रश्न तरीही उरलाच होता. त्यावर बराच खल झाला. "बाबांना बोलावतो" एवढेच सांगावे, असे एकाचे मत पडले. दुसरी म्हणाली की, बाबांनाच आधी हात जोडून सांगावे, मला खोटे बोलायला लावू नका. आईबापांचा मान राखून असे सांगता येते, हे मी त्यांना आवर्जून सांगितले, कारण आज्ञाधारकपणा म्हणजे तोंड मिटून बसणे, अशी पुष्कळ घरांत समजूत असते.

वर्ग सुटल्यावर मी त्या मुलाला बाजूला घेऊन, बाबांशी बोलू का, असे विचारले. "मीच बोलतो, तुम्ही फक्त जवळ उभ्या राहा," तो म्हणाला. वडील घ्यायला आले तेव्हा तो त्यांच्याशी हळू आवाजात बोलला. ते रागावले नाहीत. वसुलीवाल्याला तोंड द्यायची हिंमत होत नाही, म्हणून पोराला पुढे करतो, असे त्यांनी मला स्वतःहून सांगितले. मी त्यांना मंडळीच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, नेले. दोघांनी कर्जाचे कागद उघडून पाहिले आणि हप्त्यांना मुदत वाढवून मागणारा अर्ज त्याच दुपारी लिहिला.